'वयोमानानुसार' कुठे चालतं, कुठे नाही

मिरजेत नर्सिंग शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलं आहे: वॉर्डात हँडओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगताना, मुली म्हाताऱ्या पेशंटबद्दल 'वयोमानानुसार आहे' एवढंच सांगून पुढच्या बेडकडे वळतात, हा शब्द तिथे बरोबर आहे का? आणि 'एजिझम'ला, म्हणजे वयावरून होणाऱ्या भेदभावाला, मराठीत काय म्हणावं?

'वयोमान'मधलं 'मान' म्हणजे माप, प्रमाण. तापमान, पर्जन्यमान यांतलं तेच. 'वयोमानानुसार चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो' हे वाक्य ठीक, कारण त्या वयात बहुतेकांचं जे होतं तेच त्यात सांगितलंय. पण 'आजी कालपासून बरळतायत, वयोमानानुसार' हे साफ चूक, आणि नुसती भाषेची चूक नव्हे. वय काही एका रात्रीत वाढत नाही. परवापर्यंत नातवंडांना नावानं हाका मारणारी बाई आज घरच्यांना ओळखेना, तर तो डिलिरियम, म्हणजे आजारपणामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो. त्यामागे लघवीचं इन्फेक्शन असेल, रक्तातलं सोडियम उतरलं असेल, नव्यानं सुरू केलेली झोपेची गोळी असेल. कारण वेळेत सापडलं तर पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो. 'वयोमानानुसार' म्हटलं की ते शोधणंच थांबतं. हे क्रियाविशेषण निदानाच्या जागी बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

'वृद्धापकाळाने निधन' हेही याच घरचं. निधनवार्तेत ते शोभतं, तिथे कुणी रिपोर्ट मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली. तिच्यात 'म्हातारपण' अशी नोंद येणार होती. त्यावर आक्षेप आले आणि शब्दरचना बदलावी लागली.

'एजिझम' हा शब्द रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६९ मध्ये वापरात आणला. त्यासाठी मी 'वयभेद' सुचवेन. जातिभेद, वर्णभेद, लिंगभेद यांच्या पंगतीत तो सहज बसतो. 'वयवाद' म्हटलं की एखादी विचारसरणी वाटते. 'वृद्धद्वेष' तर नकोच, कारण या मुलींच्या मनात द्वेष नसतो. 'म्हातारं निजलंय, उठवू नगा' हे आपल्या सांगली भागात मायेनंच म्हणतात. तान्हं पोर जसं 'ते', तसं म्हातारंही 'ते'. घरात ही माया आहे. वॉर्डात मात्र त्याच मायेनं पेशंट बाजूला पडतो: बाई समोर शुद्धीत बसलेल्या असतात आणि 'यांना भूक लागते का?' हा प्रश्न मुलाला विचारला जातो.

मॅडम, मुलींना 'वयोमानानुसार' नुसतं खोडायला सांगू नका, त्या जागी 'कधीपासून' लिहायला सांगा. 'गोंधळलेल्या आहेत, कालपासून. आधी स्वतः चालत बाथरूमला जायच्या, असं त्या स्वतः आणि सूनबाई दोघी सांगतात.' एवढं ऐकलं की पुढच्या ड्युटीची सिस्टर डॉक्टरांना बोलावेल.