साडेआठची गोळी आणि शनिवारचा रेडिओ

«मी पुण्यात सहकारनगरला राहते, वय ६४. बावीस वर्षं रोज सकाळी सात ते दहा एकाच निवेदकाचा कार्यक्रम ऐकत आले. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून तर घरात तोच एक आवाज. मागच्या महिन्यात त्या निवेदकांनी सांगितलं, "पहाटे साडेतीनला उठणं आता शरीराला झेपत नाही, यापुढे शनिवार-रविवारीच भेटू." आमच्या श्रोत्यांच्या व्हॉट्सअॅप गटात एकच खळबळ. कोणी म्हणतं त्यांना काढलं, कोणी म्हणतं मोठं दुखणं आहे, दोघं-तिघं फुलं घेऊन त्यांच्या घरी जायचं म्हणतायत, एकानं सह्यांची मोहीम काढली आहे. मी रागाच्या भरात लिहिलं, "श्रोत्यांनी तुम्हाला मोठं केलं आणि तुम्ही आम्हालाच वाऱ्यावर सोडलंत." ते कोणीतरी त्यांना पाठवलं. आता माझंच मला खातंय. मुलगा हिंजवडीला असतो, म्हणतो, "आई, रेडिओच तर आहे." नवीन मुलगी बोलते ती मला ऐकवत नाही. ह्यांनी त्याच कार्यक्रमाच्या भरलेल्या चौदा कॅसेट आहेत, पण टेप लावायचा धीर होत नाही. दोनदा ब्लडप्रेशरची साडेआठची गोळी घ्यायची राहिली. काय करू?»

ताई,

सुरुवात गोळीपासून करते, कारण पत्रात तुम्ही ती सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे. साडेआठचं सदर सुरू झालं की गोळी, अशी तुमची सवय असणार. सकाळच्या कार्यक्रमात निवेदक दर थोड्या वेळानं किती वाजले ते सांगतो, ते उगीच नाही. ऐकणारा भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता आंघोळ, पूजा, डबा उरकत असतो. बावीस वर्षं ते घड्याळ तुमच्या घरात चालू होतं, ते आठवड्यातले पाच दिवस बंद पडलं. म्हणून "रेडिओच तर आहे" हे खरं नाही. मुलाचं चुकतं असंही नाही, त्याच्या घरात ते घड्याळ कधी नव्हतंच. आजच फोनवर रोज साडेआठचा गजर लावा आणि औषधांच्या दुकानातून सात कप्प्यांची डबी आणून दर रविवारी भरून ठेवा. कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली की नाही ही शंकाच राहत नाही. एखाद्या दिवशी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

आता निवेदकांविषयी. सातचं थेट प्रक्षेपण म्हणजे माणूस सहाच्या आत स्टुडिओत असतो. वर्तमानपत्रं चाळायची, गाण्यांचा क्रम आणि जाहिरातींच्या वेळा पत्रकाशी ताडून बघायच्या, पाऊस असेल तर खडकवासल्यातून किती पाणी सोडलं, भिडे पूल बंद झाला का, हे विचारून घ्यायचं. झोपून उठल्यावर स्वरतंतूंना थोडी सूज असते, आवाज जड येतो. तो मोकळा व्हायला गुणगुणणं, कोमट पाणी आणि निदान तासभर जाग लागते. तुम्हाला सातला जो प्रसन्न आवाज ऐकू येई, त्याच्यामागे साडेतीनची ही जाग होती. साडेतीनला उठायचं तर रात्री साडेआठ-नऊला अंथरुणात. म्हणजे बालगंधर्वला रात्री साडेनऊचा प्रयोग नाही, लग्नाचं रिसेप्शन अर्ध्यात सोडायचं, घरी पाहुणे आले की आपण जांभया द्यायच्या. वाढत्या वयात झोप मुळातच तुटक होते, आणि साठीच्या पुढे स्वरतंतूंचे स्नायू बारीक होऊ लागतात, आवाज लवकर दमतो. पाच दिवस सोडून दोन दिवस राखणारा माणूस आपला आवाज पुढच्या काही वर्षांसाठी जपतोय. बावीस वर्षं इतक्या पहाटे उठल्यावर तेवढा हक्क त्यांना आहे, असं मला ठामपणे वाटतं.

दिवस कमी करण्याचं कारण त्यांनी स्वतः, स्वतःच्या तोंडानं, प्रक्षेपणात सांगितलं. तेच खरं धरायचं. गटातल्या बाकी सगळ्या बातम्या तर्क आहेत. दुखण्याच्या चौकशा तर थांबवाच, कारण असा निरोप पाच जणांकडून फिरून त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचला की तिथे उगीच काळीज हलतं. सह्यांच्या मोहिमेलाही माझा विरोध आहे. रेडिओ केंद्रानं कार्यक्रम कापला असता तर मीच म्हटलं असतं की पत्रं पाठवा, आणि त्यात कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं कोणतं सदर तुम्ही ऐकता ते लिहा, कारण "कार्यक्रम फार छान आहे" एवढ्यावर कोणताही कार्यक्रम अधिकारी काही करू शकत नाही. इथे निर्णय त्यांचा आहे. अशा वेळी सह्यांचा गठ्ठा केंद्रावर गेला की अधिकारी तो त्यांच्यापुढेच ठेवणार आणि मोठ्या मुश्किलीनं म्हटलेलं "नाही" त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागणार. फुलं घेऊन घरी जाणंही नको. ज्यानं झोपेसाठी काम कमी केलं त्याची बेल सकाळी कोणी वाजवू नये.

तुमच्या त्या निरोपासाठी मात्र काहीतरी करा, आणि गटात करू नका. गटातली माफी म्हणजे नव्या चर्चेला निमंत्रण. केंद्राच्या पत्त्यावर, त्यांच्या आणि कार्यक्रमाच्या नावानं साधं पोस्टकार्ड टाका. चार वाक्यं पुरेत: "मी अमुक तारखेला तुमच्याविषयी कडवट लिहिलं, ते तुमच्यापर्यंत पोचलं असं कळलं. ते चुकलं, मला माफ करा. बावीस वर्षं माझी सकाळ तुमच्यामुळे सुरू झाली. शनिवारी सातला मी ऐकत असेन." "पण मला फार वाईट वाटलं म्हणून" हे लिहू नका. "पण" आला की माफीचं गाऱ्हाणं होतं. प्रकृती विचारू नका, उत्तर मागू नका, फोन नंबर लिहू नका. उत्तर आलं नाही तरी कार्ड पोचलं असं धरून चाला. थेट कार्यक्रम करणाऱ्या माणसाकडे येणाऱ्या सगळ्या पत्रांना उत्तर देता येत नाही.

नव्या मुलीला तीन आठवडे द्या, पण रोज तीन तास नको. पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा निवेदक भराभर बोलतो, गाण्याच्या सुरुवातीच्या सुरांवर बोलणं चढतं, वेळ सांगायची राहते. जुन्या आवाजाच्या जागी बसल्याचं दडपण असतं. रोज साडेसात ते आठ एवढंच ऐका. तेही नकोसं झालं तर विविध भारती एफएम १०१ वर लावा किंवा सातच्या सुमाराला आकाशवाणीच्या बातम्या. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्‌झला लागतं. तिथे खरखर आली तर सेट गोल फिरवून बघा, मध्यम लहरींची तार सेटच्या पोटातच असते आणि ती दिशा धरते. शेजारी एलईडी दिवा किंवा फोनचा चार्जर असेल तर आधी तो बंद करा.

आणि त्या चौदा कॅसेट. त्या आत्ता नुसत्या लावून ऐकू नका, हे मी काळजीनं सांगते. सकाळी सातला जुना कार्यक्रम लावला की दहा वर्षांपूर्वीचा पाऊस, तेव्हाचा बंद पूल ऐकू येतो, आणि कॅसेट संपली की स्वयंपाकघर आधीपेक्षा रिकामं वाटतं. त्यापेक्षा त्या संगणकावर उतरवून घ्या. त्या फार दिवस टिकणार नाहीत, आणि थेट कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं पुष्कळदा केंद्राकडे, खुद्द निवेदकाकडेही नसतात.

एका रविवारी मुलाला बोलवा आणि जोडणी त्याच्याकडून करून घ्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात जोडायची. लॅपटॉपचं माइकचं भोक फार संवेदनशील असतं, त्यात आवाज फाटतो. म्हणून लाइन-इन, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज घेणारं भोक, असलेला छोटा यूएसबी जोड घ्यावा. टेपचा आवाज एक तृतीयांशावर ठेवायचा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल झाली की आवाज फाटला समजा, तो नंतर दुरुस्त होत नाही, ती बाजू पुन्हा घ्यावी लागते. कॅसेट वर्षानुवर्षं पडून असली की फितीची वेटोळी एकमेकांना धरून बसतात. आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या. टेपरेकॉर्डरच्या हेडवर, जिथे फीत घासते तिथे, तपकिरी भुकटी दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. आवाज दबका आला तर कॅसेटमधली स्पंजची बारीक गादी पडली आहे का बघा, तिचा गोंद सुकतो. गाणं संथ, जड, डोलत येत असेल तर टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झालाय. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत टेपरेकॉर्डर घेऊन जा आणि पट्टा बदलून मिळतो का विचारा. सुरू करण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या कडेवरच्या दोन बारीक जिभा पेनानं मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू उतरायला अर्धा तासच लागतो, घाई करता येत नाही. चौदा कॅसेटच्या अठ्ठावीस बाजू. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी एक बाजू घेतली तर साडेपाच आठवडे. एका बाजूची फाइल साधारण ३०० एमबी होते, म्हणजे सगळं मिळून साडेआठ जीबीच्या आत. १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, दुसरी प्रत मुलाकडे ठेवा. नावात तारीख टाका. नक्की आठवत नसेल तर वर्ष आणि ऋतू. एखाद्या टेपच्या सुरुवातीला तुमच्या ह्यांचा आवाज असेल, "लागलं का रेकॉर्डिंग?" असं काहीतरी. तो कापू नका. त्या दिवशी दुसरी बाजू घ्यायची नाही, तेवढं पुरे. हे सगळं इंटरनेटवर चढवू नका, गाण्यांचे हक्क कंपन्यांचे असतात. पण एक पेनड्राइव्ह त्या निवेदकांना पाठवलात तर त्यांना स्वतःचाच जुना आवाज परत मिळेल.

हे करूनही दोन आठवड्यांनी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि रेडिओचं कारणही सांगा, लाजू नका.

राहिले शनिवार-रविवार. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली होती. कार्यक्रम आठवड्यातून दोनदाच, अर्ध्या तासाचा. गावकरी एकत्र बसून ऐकत, संपल्यावर त्यावर बोलत, आणि अडलेले प्रश्न केंद्राला कळवत. दोन दिवसांवर ते चाललं, कारण ऐकणं एकेकट्यानं होत नव्हतं. तुमच्या गटात सहकारनगर, पद्मावती, बिबवेवाडीतले चार जण तरी निघतील. त्यांना या शनिवारी पावणेसातला घरी बोलवा. ज्यानं सह्यांची मोहीम काढली त्यालाही बोलवा, त्याच्याकडे वेळ आणि उत्साह दोन्ही आहे. दहा वाजता सेट बंद करून अर्धा तास बोला, आणि एखादं सदर आवडलं तर एकच कार्ड सगळ्यांच्या नावानं लिहा.

पोहे सव्वासहाला भिजवा आणि पावणेसातच्या आत फोडणी उरका. सातला कांदा परतायला घेतलात तर तडतडीत त्यांचं पहिलं "नमस्कार" ऐकू येणार नाही.