सिझरनंतर न विचारता बाळाला डब्याचं दूध पाजलं, केस होते का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ताईंचं पहिलंच बाळंतपण, प्रायव्हेट हॉस्पिटल, सिझर झालं, बाळ दोन दिवस आतल्या खोलीत होतं आणि तिथे सिस्टरने बाटलीने पावडरचं दूध पाजलं, ना आईला विचारलं ना बापाला, कळलं कधी तर बिलात डबा दिसला तेव्हा. डिस्चार्ज कार्डवर त्याच ब्रँडचं नाव, आणि तेही हाताने लिहिलेलं नाही, छापलेलं. दुसऱ्या दिवशी 'न्यूट्रिशन काउन्सेलर' म्हणून एक मुलगी रूममध्ये आली, पावडर कशी कालवायची ते करून दाखवलं, "आईच्या दुधासारखंच असतं हे" म्हणाली आणि मोबाइल नंबर घेऊन गेली, तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर ऑफर येतायत. बाळ आता सात आठवड्यांचं, अंगावर नीट ओढत नाही, सासूबाई म्हणतात तुलाच दूध नाही. प्रश्न असा की डॉक्टरवर पोलीस केस होईल का आणि भरपाई किती मिळेल.

पोलीस केस आधी डोक्यातून काढा. डब्याचं दूध देणं हा काही गुन्हा नाही. बाळाची शुगर उतरली असेल, वजन कमी असेल, आई भुलीतून पूर्ण बाहेर आली नसेल तर डॉक्टर वरचं दूध देतात आणि कधी कधी द्यावंच लागतं. डॉक्टरवर फौजदारी लावायची तर नुसता हलगर्जीपणा पुरत नाही, तो फार ढोबळ असावा लागतो आणि दुसऱ्या डॉक्टरचं तटस्थ मतही लागतं, हे सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यूच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. तुमच्या प्रकरणात तसं काही मला दिसत नाही. तुम्ही रागात आहात ते बरोबरच आहे, पण ठाण्यात जाऊन चार तास बसाल आणि बाळ घरी रडत राहील, एवढंच हाती लागेल.

पण ती मुलगी! मला तुमच्या मेसेजमध्ये सगळ्यात वजनदार गोष्ट ती वाटते आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीय. आपल्याकडे 1992 चा एक कायदा आहे, बाळांच्या दूध पावडरी, दुधाच्या बाटल्या आणि बेबी फूड यांच्यावरचा, लोक त्याला आयएमएस अॅक्ट म्हणतात, 2003 मध्ये तो आणखी कडक केला आणि आता दोन वर्षांच्या बाळापर्यंत लागू आहे. त्यात कलम 3 म्हणतं की कोणीही, म्हणजे कंपनी असो नाहीतर हॉस्पिटल, अशा पावडरीची जाहिरात करायची नाही, प्रचारात भाग घ्यायचा नाही आणि ती आईच्या दुधाच्या तोडीची आहे असं भासवायचं नाही. "आईच्या दुधासारखंच" हे वाक्य त्यात अगदी चपखल बसतं. इलेक्ट्रॉनिक जाहिरातही 2003 पासून त्यात धरलीय, त्यामुळे व्हॉट्सअॅपच्या ऑफर पण आल्या. कलम 8 प्रमाणे पावडर कशी पाजायची हे आईला दाखवायचं तर ते आरोग्य कर्मचाऱ्यानेच, आणि चुकीच्या वापराचे धोकेही त्याने समजावून सांगायचे. दवाखान्यात पोस्टर लावणं, प्रचाराचं साहित्य वाटणं बंद. कलम 9 मध्ये तर कंपनीने डॉक्टर-नर्सला गिफ्ट द्यायचं नाही, कॉन्फरन्स स्पॉन्सर करायची नाही इथपर्यंत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (पाच हजार! 1992 चा आकडा, आज त्यात बाळाचे थोडेच महिने डबे येतील.)

आता खरा प्रश्न, ती मुलगी कोणाची माणूस? हॉस्पिटलची नर्स किंवा डाएटिशियन असेल तर कलम 8 चा मुद्दा ढिला होतो, कलम 3 तरीही राहतं. कंपनीची असेल तर केस खूप घट्ट. उत्तर तुमच्या मोबाइलमध्येच असेल, मेसेज कोणत्या नंबरवरून आलेत, अकाउंट कोणाच्या नावाचं आहे बघा. काहीही डिलीट करू नका, ब्लॉकही करू नका, कितीही संताप आला तरी. स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसली पाहिजे. डबा, बिल, ते छापील डिस्चार्ज कार्ड सांभाळा, आणि सासूबाईंनी रद्दीत घालायच्या आधी सांभाळा.

एक गोची आहे. या कायद्याखाली तुम्ही स्वतः कोर्टात तक्रार घालू शकत नाही. तो अधिकार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आणि अधिसूचित केलेल्या संस्थांना आहे, त्यातल्या दोन म्हणजे मुंबईची अॅकॅश ही ग्राहक संस्था आणि दिल्लीची बीपीएनआय ही स्तनपानासाठी काम करणारी संस्था. म्हणून सगळे पुरावे जोडून या दोघांपैकी एकीला लिहा, कॉपी जिल्ह्याच्या एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला आणि हॉस्पिटल शहरात असेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला, नाहीतर सिव्हिल सर्जनला.

भरपाईचं म्हणाल तर ती ग्राहक आयोगात मागता येते, पैसे भरून घेतलेली डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे 1995 पासून पक्कं आहे. मुदत दोन वर्षं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, हॉस्पिटलचं बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. पण आकडा मी सांगणार नाही, जो वकील आत्ता आकडा सांगेल त्याच्यापासून लांब राहा. कारण तिथे हॉस्पिटल एकच म्हणणार, शुगर कमी होती म्हणून दिलं. तेव्हा सगळं केस पेपरवर येऊन थांबतं.

म्हणून पहिलं काम, उद्याच, तुमचा आणि बाळाचा दोन्ही केस पेपरची पूर्ण नक्कल मागणारा साधा अर्ज द्या, पोच घ्या. मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे. अर्जात कारण लिहू नका, भांडण तर मुळीच नको, नुसतं "पुढील उपचारासाठी" म्हणा, आणि ते खोटंही नाहीये. कागद आले की नर्सेस चार्टमध्ये बघा, बाळाची शुगर कधी तपासली, किती आली, दूध कोणाच्या ऑर्डरने दिलं, आणि तुमच्याजवळ बाळ किती वाजता आणलं. शुगर खरंच कमी दिसली तर डॉक्टरविरुद्धचा मुद्दा जवळपास संपला असं मनात ठेवा, आणि ते कडू असलं तरी मान्य करा. पण तपासणीची नोंदच नाही आणि पहिल्या दिवसापासून डबा मात्र बिलात, तर मग गोष्ट वेगळी. भरतीच्या वेळी सही केलेला तो सर्वसाधारण फॉर्म ते पुढे करतील. सिझरच्या संमतीत दूध पाजण्याची संमती येते का यावर मी भांडायला तयार आहे, पण पावडर म्हणजे ऑपरेशन नाही, कोर्ट तिकडे जरा सैल बघेल हेही सांगून ठेवते.

डॉक्टरने कमिशन खाल्लं वगैरे कुठे लिहू नका, रिव्ह्यूमध्येही नाही, फॅमिली ग्रुपवरही नाही. तुम्ही ते पाहिलेलं नाही, उलटी बदनामीची नोटीस येईल आणि मग तुमची चांगली केस त्या एका ओळीत अडकेल.

आणि वकिलाने सांगायची गोष्ट नाही पण सांगते. 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशातली जवळपास 89 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली, आणि तरी जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं जेमतेम 42 टक्के. म्हणजे दवाखान्यात असूनही निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या तासात आईचा चीक मिळाला नाही, तेव्हा दूध तुम्हालाच नाही हे सासूबाईंचं म्हणणं कुठे टिकतं? माझ्या मोठीच्या वेळी मलाही हेच ऐकवलेलं, पान्हा नंतर आला, पण तीन आठवडे रडण्यात गेले. सात आठवडे म्हणजे उशीर नाही, स्तनपान सल्लागार किंवा मेडिकल कॉलेजचा बालरोग विभाग गाठा. डबा मात्र एकदम बंद करू नका, बाळाचं वजन बघत बघत, डॉक्टर सांगतील तसंच कमी करायचं. त्यांच्याकडे तपासलेल्याचा कागदही घ्या, पुढे आयोगात तोच उपयोगी पडेल.

केस पेपर हातात आले की शुगरचं पान तेवढं फोटो काढून पाठवा, नाव-गाव झाकून, मग आयोगात जायचं की नाही ते ठरवू.