चाकाची घरघर आणि घरातलं भांडण

प्रश्न : माझी १२५ सीसीची गाडी ४२ हजार किलोमीटर चालली. मानेवाड्याहून बुटीबोरीला रोज कंपनीत जातो. महिनाभरापासून पुढून घुर्र असा आवाज येऊन राहिला, शहरातल्या सिमेंट रोडवर जास्तच. सर्व्हिसिंगवाला म्हणतो, चाळीस हजार झाले, दोन्ही चाकांचे बेरिंग बदलून टाका. बाबा म्हणतात, चाक डुगडुगल्याशिवाय हात लावायचा नाही, माझ्या गाडीचे पंधरा वर्षांत बदलले नाहीत. घरात रोज यावरून वाद. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, दोघांचंही नको. बेरिंग म्हणजे दोन रिंगांमध्ये गोळ्या बसवलेली वस्तू, चाक मधल्या दांड्यावर, म्हणजे एक्सलवर, मोकळं फिरावं म्हणून. ते इंजिन ऑइल नाही, की इतके किलोमीटर झाले आणि काढलं. माझ्याकडे एक दूधवाले येतात, गाडीला दोन्हीकडून कॅन लटकवलेले. त्यांच्या मागच्या चाकाचे बेरिंग दीड वर्षावर जात नाहीत. एक मास्तर येतात, घर ते शाळा, शाळा ते घर. त्यांचे ७० हजारांनंतरही कंपनीचेच आहेत. मीटर पाहून दोघांना एकच सल्ला दिला तर एकाचे पैसे वाया जातील आणि दुसरा पडेल.

पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते ‘सिमेंट रोडवर जास्तच’. नागपुरात आता जिकडे तिकडे सिमेंटचे रस्ते, आणि त्यावर पाणी निथळायला, घसरू नये म्हणून आडव्या रेघा मारलेल्या असतात. झिजलेला टायर त्यावरून गेला की गातो. दर पावसाळ्यानंतर दोन-तीन जण तरी हे गाणं बेरिंगचं समजून येतात. म्हणून आधी गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर न्या. चाळीस-पन्नासच्या वेगात क्लच दाबून गाडी तशीच वाहू द्या. डांबरावर आवाज गेला तर टायर पाहा. तिथंही राहिला आणि वेगाबरोबर कमी-जास्त झाला, तर चाकावर संशय घ्यायचा.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक उचललं जाईल असं कोणाला तरी मागे बसवा. टायर वर आणि खाली पकडून आडवं हलवा. नजर चाकावर नको, चाक आणि फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या पुढच्या दांड्या, यांच्या मधल्या फटीवर ठेवा. फोर्क स्थिर आणि चाक तेवढं हललं, तर बेरिंग. फोर्कसकट सगळं हललं, तर कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेरिंग) किंवा फोर्कचे बुश (आतल्या झिजणाऱ्या नळ्या). मागच्या चाकाला हाच खेळ स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमुळे होतो, आणि बिचारं बेरिंग उगीच बदललं जातं. किती प्ले, म्हणजे ढिलाई, चालते, असं लोक विचारतात. हाताला कळेल इतकी तर मुळीच नाही.

बाबांचं चुकतं ते इथं. चाक डुगडुगायला लागलं म्हणजे बेरिंग जाऊन बरेच दिवस झालेले असतात. तोवर आतल्या गोळ्या धावण्याची वाट उखडते, कधी बाहेरची रिंग हबमध्येच, म्हणजे बेरिंग बसतं त्या चाकाच्या मधल्या भागातच, फिरायला लागते आणि हबचं घर मोठं होतं. मग नवं बेरिंगही त्यात सैल बसतं. शे-दीडशेच्या वस्तूसाठी हब बदलायची वेळ.

खरी परीक्षा चाक काढल्यावर होते. पंक्चर, ब्रेक शू, चेन सेट, कशासाठीही चाक बाहेर निघालं की एक्सलच्या भोकात करंगळी घाला आणि आतली रिंग अगदी हळू फिरवा. जोरात फिरवली तर काही कळत नाही, सगळं गुळगुळीत वाटतं. हळू फिरवताना चांगलं बेरिंग लोण्यात बोट फिरवल्यासारखं, थोडं जडच लागतं. गेलेल्यात एका जागी कणी अडकल्यासारखं होतं, खाताना भातात खडा लागावा तसं. एक खडा लागला तरी बदलायचं. आणि रिंग अगदीच मोकळी, भिंगरीसारखी सर्रकन फिरली तर खूश होऊ नका. आतलं ग्रीस धुऊन गेलेलं असतं. बोट बाहेर काढल्यावर त्यावर चहाच्या गाळासारखं तांबूस पाणी आलं, तर पुढचं काही तपासूच नका.

हे पाणी कुठून येतं? वॉशिंग सेंटरवरचा पोरगा प्रेशरचा पाइप थेट हबवर धरतो, कारण तिथं ग्रीसची घाण जास्त दिसते. रबरी सील उडवून पाणी आत जातं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत किलोमीटरपेक्षा अशा धुण्यानेच जास्त बेरिंग गेलेले दिसतात. मागच्या चाकात स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या, हबमध्ये आणखी एक बेरिंग असतं. चेन ताणून बांधणाऱ्यांचं आधी तेच जातं, आणि आवाज मात्र चेनच्या माथी मारला जातो.

बदलायचे तर त्या चाकाचे दोन्ही. काढताना छन्नी आतल्या रिंगवर मारावी लागते, त्यात चांगलंही दुखावतं. ‘काढून पाहिलं, बरं होतं, परत बसवलं’ असं कोणी सांगितलं तर गाडी दुसरीकडे न्या. बसवताना उलट : ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर, तिच्याच मापाचा सॉकेट ठेवून. हब उन्हात आणि नवं बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर जवळजवळ हाताने बसतं. मे महिन्यात नागपूरचं ऊन एवढ्या कामाला येतं. फ्रीजरमध्ये मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, बायको कुल्फीशेजारी उघडं ठेवू देत नाही.

आणि मधली नळी. दोन बेरिंगच्या मध्ये एक लोखंडी नळी असते. मी नागपुरातल्या महाल भागात काम शिकायला होतो तेव्हा ती टाकायची विसरलो. एक्सलचा नट कसला तर चाक जाम. मी हुशारी केली, नट सैल सोडला, चाक फिरलं, गाडी दिली. चौथ्या दिवशी गाडी ढकलत परत आली, बेरिंगच्या गोळ्या हबमध्ये खुळखुळत होत्या. उस्तादांनी ती नळी शोधून माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि दिवसभर तिथंच ठेवायला लावली. तुमचा मिस्त्री चाक बसवत असताना तेवढं पाहा : नट पूर्ण कसल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर डांबरी रस्ता, हात आणि करंगळी, या क्रमाने जा. पुढचं गेलेलं निघालं तर फक्त पुढचे दोन बदला. मागचं चाक पुढच्या पंक्चरला बाहेर येईलच, तेव्हा बोट घाला.

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात माझी बिनगिअरची स्कूटर रात्रभर पाण्यात होती. इंजिन उघडून नीट केलं, चालते छान. चाकाला आवाज नाही. तरी काही पाहायला हवं का?
— एक वाचक, अंबाझरी परिसर

उत्तर : हो, ताई. सील धुळीसाठी आणि पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतं, नाग नदीत बुडून राहण्यासाठी नाही. आत शिरलेलं पाणी ग्रीसमध्ये मिसळतं आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात. आवाज कधी कधी वर्षांनी येतो. पुढचं चाक काढून वरची करंगळीची परीक्षा करा. मागचं चाक तुमच्या गाडीत थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतं, तिथले बेरिंग गिअर ऑइलमध्ये चालतात. म्हणून मागे चाक नाही, ऑइल पाहायचं. ते दुधाळ निघालं तर पाणी गेलेलं आहे. नवं ऑइल टाकून थोडं चालवा आणि तेही काढून पुन्हा ताजं भरा. त्यानंतरही मागून घरघर आली तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

प्रश्न : बेरिंगवर ६३०१ आणि पुढे काही अक्षरं असतात. दुकानदार म्हणतो, कोणतंही चालतं. खरं का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : नंबरात माप आहे. ६३०१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरून ३७, जाडी १२. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. नंबर जरा चुकला तर बसणारच नाही, म्हणून त्यात फसवणूक होत नाही, अक्षरांत होते. ‘टू-आर-एस’ म्हणजे दोन्हीकडे रबराचं सील, ‘झेड-झेड’ म्हणजे दोन्हीकडे पत्र्याचं झाकण. पत्र्यातून पाणी सहज जातं, चाकाला रबराचंच घ्या. जुनं बेरिंग खिशात घालून दुकानात जा आणि काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून अक्षरं वाचा.