दीड म्हणजे मार्क नव्हेत

प्रश्न : आम्ही अटलांटाजवळ राहतो. मुलगी दहावीत आहे. तिला जन्मापासून स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) आहे, व्हीलचेअर वापरते. जीपीए (शाळेतली गुणसरासरी) 3.8. काउंटीच्या हायस्कूल व्हीलचेअर बास्केटबॉल संघात ती तीन वर्षं खेळतेय. गेल्या सीझनमध्ये सगळ्या सामन्यांचे मिळून तिचे सहा गुण. कोच म्हणतात, पुढे क्लासिफिकेशनमध्ये (खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेनुसार वर्गवारीत) ती 1.5 मध्ये येईल, म्हणजे साडेचारपैकी दीड! लोक टाळ्या वाजवतात, पण त्या सहानुभूतीच्या. आता खेळ थांबवून तिनं कॉलेज-प्रवेशासाठीच्या एसएटी, एपी या परीक्षा आणि पदवीबरोबरच मेडिकलची जागा देणाऱ्या बीएस-एमडी कोर्सकडे लक्ष द्यावं, असं आमचं मत आहे. ती ऐकत नाही. कॉलेज कुठेही मिळालं तरी आमच्यापैकी एक जण शेजारी घर घेऊन राहणार आहे, त्यामुळे तिच्या रोजच्या गोष्टींचा प्रश्न नाही. कृपया तिला समजावून सांगा. (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : तिला समजावण्याचं काम मी घेत नाही. समजावायचं झालंच तर तुम्हाला समजावेन. एसएटी-एपीचं वेळापत्रक तुम्हाला तोंडपाठ असणार. एवढंच सांगतो, परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळं टेबल लागणार असेल, तर शाळेमार्फत या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे अर्ज निदान दोन महिने आधी जाऊ द्या. 3.8 वाल्या मुलीचा अभ्यास आठवड्यातल्या एक-दोन सरावांनी बुडत नाही.

त्या दीडबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तो आकडा तुम्ही गुणपत्रिकेसारखा वाचलाय. क्लासिफिकेशन खेळाचा दर्जा मोजत नाही. खुर्चीत बसल्यावर धड किती वळतं, पुढे वाकल्यावर हाताचा आधार न घेता परत सरळ होता येतं का, हे त्यात पाहतात. 1.0 ते 4.5, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये. सगळ्याच लीगमध्ये मर्यादा तंतोतंत हीच नसते, पण तत्त्व तेच. आता बेरीज करा : 4.5, 4.0, 3.0, 1.5 आणि 1.0. झाले चौदा. दीडवाल्या मुलीच्या जागी तीनवाला उतरवलात की साडेपंधरा होतात, आणि वरच्या दोघांपैकी एकाला बाकावर बसावं लागतं. म्हणून चांगली लो-पॉइंटर, म्हणजे कमी आकड्याची खेळाडू, मिळाली की कोच तिला सोडत नाहीत.

आणि ते सहा गुण. चालणारा खेळाडू एक पाऊल बाजूला टाकून वाट काढतो. खुर्ची आडवी सरकत नाही. तुमच्या मुलीनं आपल्या चाकाचा आस समोरच्याच्या चाकापुढे नेऊन ठेवला, की त्याला मागे येऊन, वळून, पुन्हा वेग घ्यावा लागतो. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तिच्या संघातला उंच खेळाडू बास्केटखाली पोचलेला असतो. गुण त्याच्या नावावर लागतात, वाट तिनं अडवलेली असते. पुढच्या सामन्यात चेंडूकडे बघूच नका, फक्त तिच्या चाकांकडे बघा.

सहानुभूतीचं म्हणाल, तर बास्केट दहा फुटांवरच आहे, कोणी खाली आणलेलं नाही. चेंडू मांडीवर ठेवून दोनदा चाक ढकलता येतं, चेंडू न आपटता तिसऱ्यांदा ढकललं की ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग. इलिनॉय विद्यापीठाचा संघ 1948 पासूनचा आहे. आणि शाळांचे हे संघ कोणाच्या उपकारावर चालत नाहीत. मेरीलँडमध्ये तात्याना मॅकफॅडन या व्हीलचेअरवरून शर्यती करणाऱ्या मुलीला आपल्याच हायस्कूलच्या ट्रॅकवर इतरांबरोबर धावण्यासाठी कोर्टात जावं लागलं, त्यानंतर 2008 मध्ये त्या राज्यात कायदा झाला. जानेवारी 2013 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं देशभरच्या शाळांना पत्र पाठवून बजावलं, की खेळात अपंग विद्यार्थ्यांना समान संधी द्यावीच लागेल.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या ‘शेजारी घर घेऊन राहणार’ या वाक्याची. अहो, हायस्कूल संपलं की आयईपी, म्हणजे शाळेनं तिच्या गरजांसाठी केलेला आराखडा, संपतो. कॉलेज स्वतःहून काही विचारत नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यालयात तिनं स्वतः नोंदणी करायची, कागद द्यायचे, काय हवंय ते स्वतः मागायचं. तिथे तुम्ही फोन केलात तर तिच्या लेखी परवानगीशिवाय तुमच्याशी कोणी बोलणार नाही, कायदाच तसा आहे. तेव्हा एसएटीच्या तक्त्याशेजारी फ्रिजवर दुसरा तक्ता लावा : पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत स्वतः जाणं, कॅथेटर संपण्याआधी स्वतः ऑर्डर देणं, औषधाची रिफिल, चाक बिघडलं तर दुकानाला फोन. यातलं आज ती काय करते आणि तुम्ही दोघं काय करता, हे प्रामाणिकपणे लिहा. दुसरा रकाना लांब निघाला, तर बीएस-एमडीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. संघ बाहेरगावी जाईल तेव्हा तिला टीममेटबरोबर खोलीत राहू द्या, तुम्ही घरी थांबा. बास्केटबॉल बंद केलात, तर हे सगळं शिकण्याची तिच्याकडे असलेली एकमेव जागाही जाईल.

एका बाबतीत तुमची काळजी रास्त ठरेल, पण ती तुम्ही लिहिलीच नाही : त्वचा. खेळाची खुर्ची कमरेला घट्ट असते, लो-पॉइंटरचं आसन मागे खोलगट असतं, वर पट्टे आवळलेले. जिथे संवेदना नाही तिथे घासलेलं कळत नाही. खेळून आल्यावर तिनं स्वतः आरशानं तपासायचं. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. जखम झाली तर सीझन तर जातोच, शाळेचे महिनेही जातात. स्पायना बिफिडात लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते, तेव्हा व्यायामाचे रबरी पट्टे आणि फर्स्ट-एडचे हातमोजे बघून घ्या. आणि दादाची जुनी खुर्ची धाकट्याला, असला हिशेब इथे नको. दोन बोटं सैल झालेल्या खुर्चीत अंग वळतं, खुर्ची वळत नाही, आणि भुर्दंड खांद्यांना बसतो. मापाच्या खुर्चीला काही हजार डॉलर लागतात, विमा सहसा देत नाही. चॅलेंज्ड ॲथलीट्स फाउंडेशनच्या अनुदानासाठी अर्ज करा.

कॉलेजचं सांगायचं तर इलिनॉय, अलाबामा, टेक्सास-आर्लिंग्टन, ॲरिझोना, विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर इथे महिलांचे संघ आहेत. एकूण संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकीच. हा खेळ एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या अखत्यारीत नाही, त्यामुळे कोचना आत्ताच थेट लिहिता येतं. शिष्यवृत्ती प्रत्येक ठिकाणी वेगळी : पूर्ण की थोडी, परराज्यातल्या खेळाडूला फी कोणती, हे लेखी विचारा. जॉर्जियाबाहेर गेल्यास राज्याची होप शिष्यवृत्ती सुटते, तोही आकडा हिशेबात धरा. राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशनमध्ये (अपंगांना शिक्षण-नोकरीसाठी मदत करणाऱ्या खात्यात) तिची फाइल अकरावीतच उघडा, शिक्षणाच्या खर्चाला तिथून मदत होऊ शकते. डॉक्टर व्हायला व्हीलचेअर आड येत नाही. पण प्रत्येक मेडिकल कॉलेजचे ‘टेक्निकल स्टँडर्ड्स’, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता यायला हवं याचे निकष, वेगळे असतात, ते वाचूनच यादी करा. अर्थात डॉक्टर तिला व्हायचंय की तुम्हाला, हे पत्रावरून कळलं नाही. तिचं एकही वाक्य त्यात नाही.

कोचना निवडक बास्केट्सची क्लिप पाठवू नका, तिच्या बाबतीत तर मुळीच नको. दोन अख्खे सामने, न कापता, कॅमेरा वर आणि पूर्ण कोर्ट दिसेल असा. चेंडू दुसरीकडे असताना तिनं कोणाची वाट अडवली, ते त्यांना बघायचं असतं. ईमेल तिच्या पत्त्यावरून जाऊ दे, मजकूर तिचा. तुम्ही सीसीमध्येही नको.