एम.एड. करायचंच आहे, की करायचं आहे?

“मॅडम, या वयात एम.एड. करू का?” ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. एम.एड. म्हणजे बी.एड.नंतरची शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. विचारणाऱ्या बहुतेक जणी शाळेत शिकवणाऱ्या, ३५ ते ४५च्या.

मेघना (नाव बदललं आहे) ऐरोलीहून यायची. बी.ए., बी.एड., १२ वर्षं मराठी शिकवतेय.

“एम.एड. केलंच पाहिजे, मॅडम. नाहीतर मी आयुष्यभर वह्याच तपासणार.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर मी घडले, त्यामुळे माझा कान आधी ‘च’वर जातो. माणसाला छळते ती इच्छा नव्हे, इच्छेला चिकटलेला हा ‘च’.

“केलंच पाहिजे, असं कोण म्हणतं?”

“बरोबरीच्या दोघींनी केलं. नणंद प्राध्यापक आहे.” मग हळूच, “मीच मागे राहिले.”

दोन-तीन भेटी आम्ही त्या ‘मागे’ शब्दापाशीच थांबलो. मग मी विचारलं, “पदवी मिळाली असं धरा. मंगळवार, सकाळचे ११. तुम्ही कुठे आहात, काय करताय?”

तिला सांगता येईना. पुढच्या भेटीला मात्र तिने पर्समधून बी.एड.ची पाठ टाचणाची वही काढली. कडा पिवळ्या पडलेल्या. एका पानावर लाल शाईत शेरा होता: ‘फळ्याशी कमी बोल, मुलांशी जास्त.’

“शेवटच्या बाकावर बसून माझा पाठ बघताना बी.एड.च्या मॅडमनी हे लिहिलं होतं. मला त्या बाकावर बसायचंय.”

त्या वाक्यात तो सक्तीचा ‘च’ नव्हता. अशा क्षणासाठी मी हे काम करते. सल्ला द्यायची घाई केली असती, तर ती वही पर्समध्येच राहिली असती.

आता माहितीला अर्थ आला. एम.एड. २०१५मध्ये दोन वर्षांचं झालं: चार सत्रं, प्रत्यक्ष हजेरी, इंटर्नशिप आणि प्रबंध. प्रवेशाला बी.एड.ला किमान ५० टक्के हवेत. नोकरी सांभाळून हे सहज जमेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बिनपगारी रजेचा हिशोब घरच्यांसमोर आधी मांडा. नुसती शिक्षणशास्त्राची आवड असेल तर शिक्षणशास्त्रात एम.ए. इग्नू या मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही करता येतं. पण मेघनाला हवं तसं बी.एड. कॉलेजात मराठीची अध्यापनपद्धती शिकवायची तर एम.एड.च्या जोडीला मराठीतलं एम.ए. लागतं, दोन्हींत किमान ५५ टक्के. शिवाय नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी.ही लागते. हे अनेकींना एम.एड. झाल्यावर कळतं, आणि फार जिव्हारी लागतं.

मेघनाकडे एम.ए. नव्हतं. ऐकून ती कोसळेल असं मला वाटलं होतं. तिने वहीच्या मागच्या पानावर वर्षं मांडली. आधी नोकरी करत मुंबई विद्यापीठातून दूरस्थ एम.ए., तोवर रजेपुरती शिल्लक, मग एम.एड. वयाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

माझी तिला एकच विनंती होती: पदवीआधी ते काम चाखून बघा. तिच्या शाळेत बी.एड.च्या मुली सरावपाठांना येतात. मुख्याध्यापिकांना विचारून तिने दोघींची जबाबदारी घेतली.

“पहिला शेरा लिहायला अर्धा तास लागला, मॅडम,” फोनवर म्हणाली. “तीनदा खोडला. लाल पेन नव्हतं वापरलं, शिसपेन्सिलीनेच लिहिला.”