कॅटलॉगमध्ये एकच जर्नल सहा वेळा का दिसतं? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात ई-जर्नलबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. बरीचशी पत्रं लायब्ररीत काम करणाऱ्यांची आहेत, एक मात्र वैतागलेल्या संशोधकाचं आहे, तेही मुद्दाम घेतलंय.

प्रश्न : मॅडम, आमची मध्यवर्ती लायब्ररी आणि विभागांच्या पाच लायब्रऱ्या असा सगळ्यांचा मिळून एकच कॅटलॉग आहे. कुठलंही जर्नल शोधलं की सहा-सहा नोंदी येतात. एक छापील, एक प्रकाशकाच्या साईटची, दोन ॲग्रीगेटरच्या (म्हणजे अनेक प्रकाशकांची जर्नलं एकत्र करून विकणाऱ्यांच्या), आणि उरलेल्या दोन कुणी कधी टाकल्या ते आता कुणालाच आठवत नाही. आमच्या वरिष्ठ म्हणतात सगळं एकाच रेकॉर्डमध्ये घाला, माझी सहकारी म्हणते छापील वेगळं आणि ई वेगळं. कुणाचं ऐकू? (एक कॅटलॉगर)

दोघींचंही बरोबर आहे, आणि हे काही भांडण मिटवायला म्हणत नाहीये. तुमच्या वरिष्ठांनी काम सुरू केलं असेल तेव्हा ई-जर्नलं मोजकी होती, छापील अंक यायचाच, त्याच्याबरोबर ऑनलाइन मिळायचं, मग त्याच रेकॉर्डला मार्क या कॅटलॉग-नोंदींच्या ठरावीक साच्यातलं ८५६ फील्ड जोडून लिंक टाकली की झालं. वाचकालाही बरं, एका जागी सगळं. पण नंतर पॅकेजं आली, एका करारात हजारभर जर्नलं, त्यांची रेकॉर्डं फाईलने एकदम लोड करायची आणि करार संपला की एकदम काढायची. आता हजारभर छापील रेकॉर्डांमधून नेमक्या त्या पॅकेजच्या लिंका वेचून काढायचं काम ज्याने एकदा केलंय तो पुन्हा 'सगळं एकात' म्हणणार नाही!

पण मग गाडी पार दुसऱ्या टोकाला गेली. प्रत्येक पुरवठादाराची फाईल वेगळी लोड, म्हणून प्रत्येकाचं रेकॉर्ड वेगळं, आणि तुमच्या सहा नोंदी बहुतेक अशाच जन्माला आल्यात. यावर जर्नलांच्या सहकारी कॅटलॉगिंगचा जो कॉन्सर कार्यक्रम आहे त्याने २००३ मध्ये सरळ तोडगा काढला की ऑनलाइन जर्नल कितीही प्लॅटफॉर्मवर मिळू दे, त्याचं रेकॉर्ड एकच करायचं, आणि त्यात कुठल्या एका पुरवठादाराचंच वर्णन घुसवायचं नाही. म्हणजे तुमच्या सहाच्या दोन झाल्या, छापील एक आणि ऑनलाइन एक. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, त्यासाठी ७७६ फील्ड आहे. माझं मत विचाराल तर मोठ्या सिस्टिममध्ये हेच करा. लहान लायब्ररी असेल, दोन-चारशे जर्नलं असतील, तर वरिष्ठांची पद्धतही चालते, उगाच मोडू नका.

जुळवणी करताना नावावर जाऊ नका, आयएसएसएनवर, म्हणजे जर्नलच्या ओळख-नंबरवर जा. छापील आणि ऑनलाइनला वेगवेगळे नंबर असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. 'नेचर'चंच बघा, छापील ००२८-०८३६, ऑनलाइन १४७६-४६८७, वर वर बघितलं तर दोन वेगळीच जर्नलं वाटतील. म्हणून तर २००७ मध्ये आयएसएसएन-एल आला, सगळ्या रूपांना एका धाग्यात बांधणारा नंबर, 'नेचर'साठी तो छापीलवालाच आहे. मार्कमध्ये आयएसएसएनच्या ०२२ फील्डला त्याच्यासाठी एल उपफील्ड दिलंय, तुमच्या रेकॉर्डांमध्ये भरलेलं असेल तर ड्युप्लिकेट शोधणं निम्म्यावर येतं.

आणि एक्सेलपासून सांभाळून. डॅश नसलेला नंबर एक्सेलमध्ये उघडला की पुढची शून्यं गायब होतात, ००२८०८३६ चं २८०८३६ होतं आणि मग जुळणारच नाही. कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मगच फाईल आत घ्या. शेवटचा अंक हा बाकीच्या सात अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो आणि तो कधीकधी एक्स हे अक्षरही असतो, ती टायपिंगची चूक समजून 'दुरुस्त' करणारे महाभाग मी पाहिलेत.

राहिला पाच लायब्रऱ्यांचा प्रश्न, आणि खरं दुखणं हेच आहे. जर्नलचं नाव, प्रकाशक, विषय, सुरू कधी झालं हे सगळ्यांना सारखं, ते वरच्या रेकॉर्डमध्ये एकदाच. पण लिंक, कुठल्या सालापासून मिळतं, कुणाला परवानगी, हे प्रत्येक लायब्ररीचं वेगळं असू शकतं, म्हणून ते खाली होल्डिंग्जच्या (कुठल्या लायब्ररीकडे काय आहे त्या नोंदींच्या) पातळीवर ठेवायचं. एका विभागाने स्वतःच्या पैशातून घेतलेल्या जर्नलची लिंक वरच्या सामायिक रेकॉर्डमध्ये टाकली की बाकी पाच ठिकाणचे वाचक तिथे क्लिक करतात, पैसे मागणारं पान बघतात आणि शिव्या तुम्हाला घालतात. वर्षातून एकदा बदलणारी गोष्ट आणि दर आठवड्याला बदलणारी गोष्ट एका डब्यात ठेवू नका, माझ्या मते कॅटलॉगातल्या निम्म्या कटकटी इथूनच निघतात.

प्रश्न : कॅटलॉगमध्ये लिहिलंय '१९९८ पासून आजपर्यंत'. मला गेल्या वर्षीचा लेख हवा होता, क्लिक केलं तर तो अंकच नाही. घरून उघडलं तर तेही नाही, थेट लॉगिनच मागतो. मग कॅटलॉग कशाला ठेवलाय? (पीएचडीचा विद्यार्थी)

राग समजला. तुमचे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत, आधी पहिला.

जर्नल आजही निघतं, पण तुमच्या लायब्ररीने ते ज्या डेटाबेसमधून घेतलंय तिथे ताजे अंक उशिरा येतात. याला एम्बार्गो म्हणतात. जेस्टोर या जुन्या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहात तर ही रीतच आहे, त्यांच्या भाषेत सरकती भिंत, बहुतेक जर्नलांसाठी ३ ते ५ वर्षांची, भिंतीच्या अलीकडचं दिसत नाही आणि दर वर्षी भिंत एक पाऊल पुढे सरकते. आता ही माहिती कॅटलॉगरने हाताने भरली असेल तर ती दर जानेवारीत चुकीची होणार हे ठरलेलंच. म्हणून प्रकाशकांनी यादी एका ठरावीक साच्यात द्यावी यासाठी केबार्ट नावाची शिफारस आली, पहिली २०१० मध्ये, सुधारलेली २०१४ मध्ये. साधी टॅबने तोडलेली फाईल असते, नाव, दोन्ही आयएसएसएन, पहिला आणि शेवटचा ऑनलाइन अंक, लिंक, आणि एम्बार्गोचा एक कॉलम. त्या कॉलममध्ये पी-१-वाय लिहिलं असेल तर शेवटचं एक वर्ष सोडून बाकीचं मिळतं, आणि आर-१०-वाय असेल तर उलट, फक्त शेवटची दहा वर्षं मिळतात, त्याआधीचं नाही. एका अक्षराचा फरक, पण वाचकासाठी अगदी उलटा अर्थ, आणि या फायली लोड करणाऱ्यांपैकी किती जण तो कॉलम उघडून बघतात देव जाणे. तुम्ही तुमच्या ग्रंथपालांना एवढंच सांगा की अमुक जर्नलचा एम्बार्गो दिसत नाहीये, जर्नलचं नाव, साल आणि कुठल्या लिंकवरून गेलात ते लिहून द्या. 'उघडत नाही' एवढंच लिहिलेल्या तक्रारीचं आम्ही काहीच करू शकत नाही हो.

दुसरं, घरून न उघडणं. प्रकाशक तुम्हाला ओळखतो तो कॅम्पसच्या आयपी पत्त्यावरून, घरी तो पत्ता नसतो. म्हणून लिंकच्या पुढे प्रॉक्सीचा पत्ता जोडलेला असावा लागतो म्हणजे आधी विद्यापीठाचं लॉगिन होतं आणि मग तुम्ही कॅम्पसमध्येच आहात असं पलीकडच्याला वाटतं. लॉगिन विद्यापीठाचं असेल तर करून बघा, चालेल. प्रकाशकाचं असेल तर लिंकला प्रॉक्सी लागलेला नाही असं समजा. (कॅटलॉगर मंडळी, तो पत्ता प्रत्येक रेकॉर्डमध्ये हाताने चिकटवू नका, सिस्टिमला जोडू द्या, प्रॉक्सी सर्व्हर बदलला की हजारो रेकॉर्ड उघडत बसावं लागतं. आणि ब्राउजरमधून कॉपी केलेली सेशनवाली लिंक तर अजिबात नको, ती संध्याकाळपर्यंत मरते.)

प्रश्न : डेटाबेस कॅटलॉग करायचा म्हणजे पुस्तकासारखा की जर्नलसारखा? (लायब्ररी सायन्सची विद्यार्थिनी)

दोन्ही नाही. जर्नलचे अंक सुट्टे राहतात, पुस्तक एकदा छापलं की झालं, पण डेटाबेसमध्ये रोज नवी भर पडते आणि ती जुन्यात मिसळून जाते, वेगळी दाखवता येत नाही. कॅटलॉगिंगच्या नियमांनी यांना २००२ मध्ये स्वतंत्र नाव दिलं, इंटिग्रेटिंग रिसोर्स, आणि पुढे आलेल्या आरडीए या नियमावलीनेही तेच ठेवलं. मार्कच्या लीडरमध्ये (रेकॉर्डच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीत) सातव्या जागी जर्नलला एस, याला आय. फरक नुसता अक्षराचा नाही. जर्नलचं नाव मोठ्या प्रमाणात बदललं की नवीन रेकॉर्ड करतात, डेटाबेसचं बदललं की त्याच रेकॉर्डमध्ये नवीन नाव वर आणि जुनं खाली, कारण जुन्या नावाचा डेटाबेस आता कुठेच शिल्लक नसतो.

परीक्षेत विचारणार नाहीत पण कामात रोज लागेल असं एक सांगते. डेटाबेस आणि प्लॅटफॉर्म यांची गल्लत करू नको. मेडलाइन हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस पबमेडवर फुकट शोधता येतो आणि ओव्हिडवर, एब्स्कोवर पैसे देऊनही मिळतो. आतली माहिती तीच, शोधायची खिडकी वेगळी. रेकॉर्ड मेडलाइनचं कर आणि त्याखाली तुझ्या लायब्ररीत ज्या खिडक्या उघडतात त्यांच्या लिंका दे. आणि वर्णनाची नोट माणसाच्या भाषेत लिही, 'बहुविषयक ग्रंथसूचीय संसाधन' वाचून कुणी क्लिक करत नाही. पूर्ण लेख मिळतो की नुसता सारांश, एवढं पहिल्या ओळीत सांगितलं तरी पुष्कळ.

प्रश्न : जुन्या संदर्भात एका जर्नलचं नाव आहे, प्रकाशकाच्या साईटवर त्या नावाचं काहीच नाही. कॅटलॉगमध्ये काय करावं?

साईट बहुतेक वेळा सगळे जुने अंक आजच्या नावाखाली टाकते. 'बीएमजे'चं उदाहरण घ्या, १८४० मध्ये सुरू झालं तेव्हा ते 'प्रोव्हिन्शियल मेडिकल अँड सर्जिकल जर्नल' होतं, १८५३ मध्ये 'असोसिएशन मेडिकल जर्नल' झालं आणि १८५७ पासून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'. १८४५ च्या लेखाचा संदर्भ घेऊन येणारा माणूस पहिल्याच नावाने शोधणार, त्याच्या हातात तेवढंच आहे. म्हणून जुन्या नावाचं रेकॉर्ड ठेवायचं, ७८० आणि ७८५ या फील्डांनी आधीचं-नंतरचं जोडायचं, आणि लिंक आजच्या साईटची असली तरी ती त्या जुन्या रेकॉर्डवरही द्यायची. नावं अशी एकात मिसळू नका, जुनी नावं दाखवा, असं प्रकाशकांना सांगणारी पाय-जे नावाची निसो या अमेरिकी मानक-संस्थेची शिफारस २०१३ मध्ये आलीय. कितीजण पाळतात ते तुम्ही बघताच आहात.

प्रश्न : सबस्क्रिप्शन बंद केलं, रेकॉर्ड डिलीट करू का? (उपग्रंथपाल)

थांबा! आधी करार काढा. तुम्ही पैसे भरलेल्या वर्षांचे अंक कायम वाचायची परवानगी बऱ्याच करारांमध्ये असते, आणि कॅटलॉगमधून रेकॉर्ड उडवलं की ती परवानगी कागदावर राहते पण वाचकाला कधीच कळत नाही. तशी परवानगी असेल तर होल्डिंग्जमध्ये शेवटचं साल घालून बंद करा आणि रेकॉर्ड राहू द्या. ते अंक नक्की कुठून मिळणार हेही विचारून घ्या, प्रकाशकाच्याच साईटवरून की पोर्टिको, क्लॉक्स अशा जतन करणाऱ्या ठिकाणाहून. नुसत्या ॲग्रीगेटरकडून घेतलं असेल तर बहुतेक काहीच उरत नाही, मग लिंक काढा, पण त्याच जर्नलचे छापील जुने खंड कुठल्या विभागात पडलेत का ते बघून मगच.

आणि लिंक-चेकरने सगळं ठीक आहे म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. परवानगी संपल्यावर पुष्कळ साईटी एरर देत नाहीत, छान सजवलेलं 'हा लेख विकत घ्या'चं पान देतात, आणि चेकरला ते पान चालू लिंकच वाटते. पॅकेजमधली पाच-दहा जर्नलं निवडून दर तीन महिन्यांनी एखाद्या लेखाची पीडीएफ खरोखर उघडून बघायची, ते काम माणसालाच करावं लागतं.