पुण्यात बास्केटबॉल खेळायला कोर्ट हवंय ना?

प्रिय पोरी,

सांगलीत कॉलेजचं कोर्ट होतंच, त्यामुळे शोधायची वेळ तुझ्यावर कधी आली नाही. आता पुण्यात नोकरी, कर्वेनगरात रूम, आणि "मावशी, ऑफिसनंतर जाऊन खेळता येईल असं उघड्यावरचं एखादं कोर्ट सांग ना" असा तुझा मेसेज. नुसतं नाव सांगून भागत असतं तर लगेच सांगितलं असतं. पण एकच कोर्ट पाचला शाळकरी पोरांच्या क्लासचं असतं, साडेसहाला कॉलेजच्या टीमचं आणि आठनंतर, लाइट असले तर, नोकरीवाल्यांचं. चुकीच्या वेळी गेलीस की "इथे कोणी घेत नाही बाई" म्हणून परत येशील. म्हणून आधी वेळ शोध. तुला रोज किती वाजता बाहेर पडता येतं ते ठरव आणि त्याच वेळी कुठे बॉल आपटतोय ते बघत फिर.

काही ठिकाणं आधीच बाजूला काढू. डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉल आहे, चांगला आहे, पण ती 1906 सालापासूनची क्लबाची जागा. मेंबर ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी. फर्ग्युसन, एस.पी., सीओईपी अशा कॉलेजांत कोर्टं आहेत, पण पहिला हक्क त्यांच्या मुलांचा. गेटवर आयकार्ड मागितलं तर वॉचमनशी हुज्जत घालू नकोस. तिथे शिकलेल्या एखाद्या सीनियरबरोबर जा, चार वेळा दिसलीस की तोच वॉचमन हात करेल.

सोसायटीतल्या कोर्टांबद्दल माझं मत चांगलं नाही. बाणेर-हिंजवडीकडे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये निळं-लाल रंगवलेलं हाफ कोर्ट, म्हणजे एकाच रिंगचं अर्धं कोर्ट, हमखास असतं, आणि ते रंगवलेलंच राहतं. बाहेरच्यांना प्रवेश नाही, आतल्यांत सहाजण जमत नाहीत, आणि जमले तर पहिल्या मजल्यावरचे काका बॉलच्या आवाजाची तक्रार घेऊन खाली येतात. एकटीला शूटिंग करायचं असेल तर ठीक.

उरतात शाळांची मैदानं, जिथे संध्याकाळी एखादं मंडळ किंवा कोच कोर्ट चालवतो, आणि महापालिकेची मैदानं. तुझा खेळ बहुतेक इथेच सापडेल. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी सातच्या सुमाराला स्कूटर काढ. कोर्टावर कोणी नसलं तरी ते बोलतं. रिंगखालचा आणि फ्री थ्रोच्या रेषेजवळचा रंग घासून गेलाय का बघ. गेला असेल तर रोज खेळ होतो. फटींतून गवत वर आलं असेल तर पुढे चल. जाळी फाटकी असली तरी हरकत नाही, पण बुटाच्या जुन्या लेसने हुकला बांधलेली जाळी दिसली तर थांबच. ती कुठल्याही ऑफिसने बांधलेली नसते. तिथे कायमची येणारी, खेळावर जीव असलेली माणसं आहेत.

मग कोर्ट तपास. पिशवीत लांब दोरी आणि शिंप्याची दीड मीटरची टेप ठेव. दोरीच्या टोकाला किल्ली बांधून ती रिंगवरून पलीकडे टाक. किल्ली जमिनीला टेकली की तुझ्या बाजूची दोरी जिथे जमिनीला लागते तिथे चिमटीत धर आणि तेवढी मोज. 6.10 मीटर भरायला हवी, म्हणजे टेप चार वेळा आणि वर दहा सेंटिमीटर. रिंग 3.05 मीटरवर असते, त्याची ही दुप्पट. जुन्या कोर्टावर काँक्रीटचा नवा थर चढवतात, खांब मात्र तसाच राहतो, आणि रिंग तीन-चार इंच खाली येते. टाइमपासला मजा येते, पण तुला पुढे लीग खेळायची आहे; हात बिघडेल. पोरं लटकून लटकून रिंग पुढे झुकलेली असते, तेही खाली उभं राहून वर बघितलं की कळतं. रिंगमागच्या बोर्डवर चार ठिकाणी बॉल मार. एखाद्या जागी नुसता 'भद्' आवाज येऊन बॉल तिथेच मरत असेल तर तिथला नट ढिला आहे. हे एकदा माहीत झालं की तुझाच फायदा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिंगमागे काय आहे. नियमाच्या कोर्टात रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा सोडतात. शाळेत तिथे भिंत असते, पायऱ्या असतात, नाहीतर खांब थेट रेषेवर, तोही गादी न बांधलेला. असं असेल तर जोरात ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून शॉट, मारायचा मोह आवर. रेषेवर बुटाचा तळ घासून बघ. करकर वाजलं तर बारीक वाळू आहे, वळताना पाय सुटेल.

आणि ऊन. हा खेळ 1891 साली अमेरिकेत थंडीच्या दिवसांत घरात खेळायला म्हणून काढला, त्यामुळे उघड्यावरचे उपद्व्याप आपल्यालाच निस्तरावे लागतात. कोर्ट दक्षिणोत्तर असेल तर बरं. पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळी एका बाजूला सूर्य थेट डोळ्यांत येतो. टॉस जिंकलीस तर बाजू निवडताना हे लक्षात ठेव. डिसेंबरात सहाला अंधारतं, मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो. लाइट नसलेलं कोर्ट नोकरीवाल्या माणसाला हिवाळ्यात फक्त शनिवार-रविवारी उपयोगी.

किती माणसं येतात तेही मोज. सहाच्या खाली खेळ नाही. एका रिंगवर नऊ ते बारा ही उत्तम संख्या. जिंकलेली टीम कोर्टावर राहते, अकरा पॉइंटचा तीन-तीन जणांचा डाव दहा-बारा मिनिटं चालतो. तुझ्याआधी तीन टीम थांबल्या असतील तर अर्धा तास बाकावर बसून थंड होशील. त्यापेक्षा ओबडधोबड पण मोकळं कोर्ट मी घेईन. हाफ कोर्टला दुय्यम समजू नकोस. टोकियोच्या ऑलिम्पिकपासून तीन-तीनचा खेळ तिथेही आहे: दहा मिनिटं किंवा 21 पॉइंट, शूट करायला बारा सेकंद. तुला स्टॅमिना कशाला म्हणतात ते तिथे कळेल.

पहिल्या दिवशी गेलीस की बॅग ठेवून सरळ विचार, "नेक्स्ट कोणाचं आहे?" मग थोडा वेळ नुसती बघ. फाऊल कोण मागतं, रिबाउंडनंतर, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल हातात आल्यावर, तो बाहेर काढून क्लिअर करावा लागतो का, टीम फ्री थ्रो मारून पाडतात का; प्रत्येक कोर्टाचा कायदा वेगळा. बहुतेक वेळा तू एकटीच मुलगी असशील. "ताई, तुम्ही कॉर्नरला उभ्या राहा" असं अत्यंत आदराने सांगतील आणि मग डाव संपेपर्यंत पास येणार नाही. भांडू नकोस. समोरच्या टीममधल्या बऱ्या खेळणाऱ्याला तू अडव, स्क्रीन लाव, म्हणजे आपल्या खेळाडूला अडवणाऱ्याच्या वाटेत उभी राहा, रिबाउंडला अंग घाल. दोन संध्याकाळी असं करूनही बॉल येत नसेल तर कोर्ट बदल. माणसं सुधारायचा ठेका तू घेतलेला नाहीस. त्याच वेळी मुलींचं कोचिंग चालणारं कोर्टही शोध आणि तिथल्या कोचला विचार की पास आउट झालेल्या मुली कुठल्या दिवशी येतात. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याचीच. इथे मुली कमी नाहीत, त्यांच्या वेळा आपल्याला कळत नाहीत एवढंच. आणि रात्रीचं खेळायचं तर जिथे लाइट आहेत आणि बाजूने चालणाऱ्या आज्या-आजोबांची ये-जा आहे तिथेच.

पावसाळ्यात पुण्याचा पाऊस फसवतो. धो-धो आला तर कोणी खेळतच नाही. भुरभुर असली की "चालेल चालेल" म्हणत उतरतात आणि घोटा मुरगळतो. गुळगुळीत रंगाचं कोर्ट ओलं झालं की सगळ्यात वाईट, खडबडीत डांबरी त्यातल्या त्यात बरं. झाडाखालच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, तिकडे ड्राइव्ह करू नकोस. पाऊस थांबल्यावर खराटा घेऊन पाणी काढणाऱ्यांत तू दिसलीस ना, तर पुढच्या वेळी टीममध्ये तुझं नाव कोणीतरी आपणहून घेईल. ओळख करून घ्यायचा याहून सोपा रस्ता मला ठाऊक नाही.

बॉल स्वतःचा ठेव, रबराचा, सात नंबरचा. तुम्ही सहाने खेळलात हे ठाऊक आहे, पण इथे मिश्र खेळात सातच असतो, हाताला सवय हवी. कॉलेजचा चामड्याचा बॉल काँक्रीटवर आणू नकोस, महिन्यात सोलून निघेल. बुटांचंही तेच: इनडोअरचे मऊ तळाचे बूट कपाटात राहू देत, बाहेरसाठी जाड रबराच्या तळाची वेगळी जोडी घे. पहिल्या पगारातून घेणार असशील तर आईला किंमत सांगू नकोस, मी सांभाळून घेईन.

या रविवारी सकाळी मी कोथरूडला येतेय. साडेसहाला तयार राहा, दोन-तीन मैदानं तुझ्याबरोबर बघू. नाश्ता खेळून झाल्यावर.

— मावशी